बाई आणि अठरा मीटर

शंभर मीटरची धावपट्टी मी ब्याऐंशी मीटरची आखली. मी गणिताचा शिक्षक आहे.

ही दोन वाक्यं शेजारी ठेवली की लोक हसत सुटतात आणि पुढचं ऐकत नाहीत. पण सांगण्यासारखं खरं पुढंच आहे, ते म्हणजे आमच्या शाळेतल्या खेळाच्या बाई. मी त्यांच्या मैदानात एका पावसाळ्यात मधेच कडमडलो, एवढाच माझा संबंध.

बाई मूळच्या हट्टा गावच्या. नोकरीसाठी सेनगावात आल्या आणि इथल्याच होऊन गेल्या. उंची बेताची, अंगानं काटक, पदर कमरेला खोचलेला आणि साडीखाली कॅनव्हासचे पांढरे बूट. पांढरे हे दुकानात. आमच्या मैदानाची माती काळी, पावसाळ्यात बुटाला धरली की सुटत नाही. बाई पाऊल उचलायच्या तेव्हा बुटाबरोबर मैदानाचा एक तुकडा वर यायचा, आणि बाई तो तसाच स्टाफरूममध्ये घेऊन यायच्या.

त्यांच्या गळ्यात शिट्टी असायची. मैदानात ती कधी वाजायची नाही. "वाजवली की लेकरं शिट्टीकडं पाहतेत," असं त्या म्हणायच्या. एकदाच मी ती ऐकली, तीही शिक्षकांच्या बैठकीत. मुख्याध्यापक शिस्तीवर बोलत होते, शाळा सुटून बराच वेळ झाला होता. बाईंनी शिट्टी तोंडात धरली आणि फुंकली. आम्ही सगळे एकदम उठून दाराकडं निघालो. मुख्याध्यापकही निघाले. व्हरांड्यात पोचल्यावर त्यांच्या लक्षात आलं की बैठक त्यांनीच बोलावली होती.

धाव सोडायची त्यांची पद्धतही अशीच. इतर शाळांत "जागा घ्या, तयार" असं रीतसर होतं आणि मग लाकडाच्या दोन फळ्या एकमेकींवर आपटतात. आमच्याकडं मुलं रेघेवर वाकून बसलेली असायची आणि बाई पाठमोऱ्या उभ्या राहून कुणाशी तरी गप्पा मारत असायच्या. बोलण्याच्या कुठल्याही शब्दावर फळ्या वाजायच्या. एकदा तो कुणीतरी मी होतो.

"सर, परवा तुमच्या घरी ते पाव्हणे आलते ना, त्यांचं मला एक—"

फाट.

माझ्या हातातला चहा शर्टावर आला आणि मुलं सुटली. बाईही मुलांच्या मागं निघून गेल्या. त्या पाहुण्यांचं काय होतं, हे मला आजवर कळलेलं नाही. मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा त्या म्हणाल्या, "कोणते पाव्हणे?"

पण त्यांची खरी तऱ्हा दुसरी होती. सुरुवातीची रेघ त्या आखायच्या, शेवटची नाही. शर्यत कुठं संपणार हे मुलांना ठाऊक नसायचं. जिथं बाई उभ्या असतील तिथपर्यंत पळायचं. आज नळापाशी, उद्या लिंबाच्या झाडापलीकडं, परवा पार फाटकाबाहेर रस्त्यावर. एका संध्याकाळी त्या रस्त्यावर साखऱ्याला जाणाऱ्या जीपवाल्याशी बोलत उभ्या होत्या. मुलं तिथपर्यंत पळत आली, त्यातला एक तसाच जीपमध्ये चढून घरी गेला. दुसऱ्या दिवशी बाईंनी त्याला रागावण्याऐवजी सगळ्यांसमोर विचारलं, "चढेपर्यंत वेग कमी केला का?" तो म्हणाला, "न्हाई." बाई म्हणाल्या, "हे बराबर."

मी त्यांना विचारलं होतं, शेवटची रेघ का आखत नाही.

"रेघ दिसली की पाय आधीच इचार करतो," बाई म्हणाल्या. "तिथं थांबायचंय, तिथं थांबायचंय. थांबायचा इचार करत कोन पळतं?"

"पण मग वेळ कशी घेणार?"

"कशाला घ्यायची?"

याला माझ्याकडं उत्तर होतं आणि ते चांगलं लांब होतं. मी ते दिलं. बाई पूर्ण वेळ माझ्या पायांकडं पाहत होत्या. माझं संपल्यावर म्हणाल्या, "सर, तुमी डाव्या पायावर जास्त चालता."

"बरं. मग?"

"मग काही न्हाई. सांगितलं."

त्या आठवड्यात मी स्टाफरूमपासून वर्गापर्यंत नीट चालू शकलो नाही.

धाव संपली की बाई मुलांना एकच प्रश्न विचारायच्या, "काय दिसलं?" शेजारची पोरगी दिसली असं कुणी म्हणालं तर त्याला परत पळावं लागायचं. ढग दिसला, कुत्रं दिसलं, तरी परत. काहीच दिसलं नाही असं मनापासून म्हणणाऱ्याला बाई पिशवीतून शेंगदाणे आणि गुळाचा खडा द्यायच्या. एकदा सातवीतल्या एका पोरानं सांगितलं, "बाई, गणिताचे सर मोबाईल घेऊन उभे दिसले." त्याला तर दोनदा पळायला लावलं, आणि मला सांगितलं, "सर, तुमी जरा झाडामागं व्हा."

पावसाळ्यातल्या वेळा त्या मोजायच्या नाहीत याचं एक कारण त्यांनी आपणहून दिलं होतं. आमच्याकडं सोयाबीन कापणीनंतर लगेच मोंढ्यात नेलं तर त्यात ओल असते. काट्यावर भरपूर भरतं, व्यापारी ओलीची कपात लावतो, आणि शेतकऱ्याला वाटतं आपलं काहीतरी चोरीला गेलं. "जुलै-ऑगष्टात पोरं पळतेत ते वलं वजन हाय," बाई म्हणायच्या. "नवा हुरूप, नवे बूट, नवा वर्ग. दिवाळीनंतर वाळलं की मग सांगा कोन किती भरलं ते." तोवर कुणाचं कौतुक करायला बंदी. मुख्याध्यापकांनी एकदा प्रार्थनेच्या वेळी एका मुलाला शाबासकी दिली, तर बाई त्यांच्याकडं अशा पाहत राहिल्या की त्यांनी पुढच्या वाक्यात ती अर्धी परत घेतली.

आता मी कुठं कडमडलो ते.

जुलैत बाईंच्या लेकीचं बाळंतपण आलं आणि त्या परभणीला गेल्या. मुख्याध्यापक म्हणाले, "सर, तुम्हाला आवड आहे, तेवढं मैदान बघा." आवड म्हणजे माझ्या मोबाईलमध्ये स्टॉपवॉच होतं. मी मैदानात गेलो तर एकही धड रेघ नाही. शाळेचा मोजायचा टेप संरक्षक भिंतीच्या ठेकेदारानं नेला होता, भिंत अर्धवट राहिली आणि टेप परत आलाच नाही. पण माझ्याकडं उपाय होता. आमची थोडी हळद आहे, तिला ठिबक. त्यातलं नळीचं एक बंडल घरी पडून होतं आणि त्यावर दुकानदारानं स्वतःच्या हातानं '१०० मीटर' असं लिहिलं होतं. मी ते मोटारसायकलवर आणलं, मैदानात सरळ अंथरलं, दोन्ही टोकांना लोखंडी खुंट्या ठोकल्या आणि चुन्याच्या फक्कीनं पट्टी आखली. फार सुंदर दिसत होती. मी तिचा फोटो काढला.

दुसऱ्या दिवशी हंगामातली पहिली चाचणी. त्याआधी मी मुलांना जिद्द या विषयावर भाषण दिलं. मग मुलं पळाली, आणि वेळा पाहून माझेच डोळे विस्फारले. नववीतली साखऱ्याची वैष्णवी ज्या वेळेत आली, ती वेळ मी राज्य स्पर्धेच्या बातम्यांत वाचली होती. मला वाटलं, हा भाषणाचा परिणाम. मग आठवीतला एक पोरगा पळाला. हा पोरगा जिना चढताना मधल्या पायरीवर बसतो. तोही जिल्ह्यात पहिला येईल अशा वेळेत आला. इथं कुठल्याही माणसाला शंका आली असती. मला वाटलं, भाषण जरा जास्तच प्रभावी झालं.

त्या संध्याकाळी वैष्णवीची वेळ शाळेच्या ग्रुपवर गेली. चार दिवसांत सेनगावच्या स्टँडसमोर फ्लेक्स लागला. त्यावर वैष्णवी पळताना, खाली तिची वेळ, आणि उजवीकडं 'मार्गदर्शक' म्हणून हात जोडलेला मी. फ्लेक्सवाल्यानं माझा फोटो वैष्णवीच्या दुप्पट केला होता. मी त्याला सांगितलं, हे बरं दिसत नाही. मात्र छापून झाल्यावर सांगितलं.

वैष्णवीचे वडील साखऱ्याचे, कोरडवाहू शेती. पोरीचं पळणं त्यांना या वर्षी बंद करायचं होतं. सरावाला थांबली की साखऱ्याची शेवटची एसटी चुकायची, आणि मूग तोडणीला आला की घरात एक माणूस कमी पडायचं. पण ते एसटीतून उतरले आणि समोर फ्लेक्स. शाळेत येऊन ते मला म्हणाले, "सर, एवढी पळती तर पळू द्या. मुगाचं पाहू कसंतरी." त्या दिवशी मी त्यांच्या डोळ्यांत जे पाहिलं, ते मला फार आवडलं होतं. अर्धं माझ्यासाठी आहे असं मी धरलं होतं.

बाई परत आल्या. मैदानात माझी पट्टी पाहिली. तिच्या पलीकडं आपली एक रेघ आखली आणि शेवटाला स्वतः कुठंतरी जाऊन उभ्या राहिल्या. माझ्या पट्टीवर कुणीच पळेना. मी मात्र पाऊस पडून गेला की पुन्हा फक्की टाकायचो, देव्हाऱ्यापुढं रांगोळी घालावी तसा.

तालुक्याच्या स्पर्धा झाल्या. दुसऱ्या शाळेचं मैदान, पंचांनी मोजून आखलेलं. वैष्णवी दुसरी आली. पहिल्या दोघी जिल्ह्याला जातात, म्हणजे ती हिंगोलीला जाणार हे ठरलं. पण तिची वेळ फ्लेक्सपेक्षा कितीतरी जास्त निघाली. वडील दोरीला टेकून पाहत होते. त्यांनी पंचांना दोनदा वेळ विचारली आणि पोरीशी न बोलता निघून गेले.

सोमवारी ते मैदानात आले. बाई होत्या, मी होतो, मुलं होती.

"बाई," ते म्हणाले, "पोरीला आता घरी ठेवतो. हिंगोलीला न्यायची न्हाई."

"काहून?"

"मागं येऊन राहिली ती. सरांच्या हाताखाली किती जोरात पळली. तुमी आल्या आन् मागं पडली. पोरीला तकलीफ देऊन मागंच न्यायचं असंल तर मूग तोडलेला बरा."

वैष्णवी जवळच उभी होती, पायाच्या अंगठ्यानं माती उकरत. तिला काय वाटत होतं ते तिच्या मानेवरून कळत होतं. आणि मी काय केलं? मी नम्रपणे खाली पाहिलं. वर हळूच म्हणालो, "बाई, शास्त्रशुद्ध पद्धतीचा फरक पडतोच." हे वाक्य आठवलं की मला अजून घाम फुटतो.

बाईंनी माझ्याकडं पाहिलं. मग माझ्या पायांकडं.

"सर, तुमी पळा," त्या म्हणाल्या.

"मी?"

"तुमच्या पट्टीवर. शिकवून राहिले तर पळून दाखवा."

मुलं लगेच गोळा झाली. नाही म्हणणं शक्य नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मनात एक कोपरा खूषही होता. कॉलेजात मी एकदा पळालो होतो, कुत्र्याच्या पुढं, पण चांगला पळालो होतो. मी चपला काढल्या, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, खिशातली पेनं एका मुलाकडं दिली आणि मोबाईल वैष्णवीकडं. माझं वय तेव्हा पंचेचाळिशीच्या पुढं, पोट वयाच्याही पुढं. बाई वडिलांना म्हणाल्या, "औंदा मूग कसा हाय तुमच्याक—"

फाट.

धावलो. काय दिसलं असं विचाराल तर सगळंच दिसलं. मैदान, लिंब, शाळेची खिडकी, खिडकीत मुख्याध्यापक. निम्म्यात दम संपला, पुढचं निव्वळ अब्रूवर गेलो. शेवटच्या खुंटीपलीकडं चिखलात बसलो, तो उठताच येईना.

वैष्णवी मोबाईल घेऊन आली. तिनं एकदा मोबाईलकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. मग बाईंकडं वळून हळूच म्हणाली, "बाई, सर माझ्या तालुक्याच्या टाइमापेक्षा जोरात पळले."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. सगळी मुलं माझ्या पोटाकडं पाहत होती, मग वैष्णवीकडं, मग पुन्हा पोटाकडं. आणि तिथं, चिखलात बसल्या बसल्या, मला पहिल्यांदा शंका आली. माझ्या स्वतःच्या कर्तृत्वावर संशय यायला मला महिना लागला, आणि तोही ते कर्तृत्व अंगावर आल्यावर.

बाईंना आधीच ठाऊक होतं का, हे मला पुढं फार दिवस छळत राहिलं. त्या निवृत्त होऊन हट्ट्याला गेल्यावर मी मुद्दाम जाऊन विचारलं. अंगणात नातीला चालायला शिकवत होत्या, म्हणजे ती पडत होती आणि बाई पाहत होत्या. म्हणाल्या, "न्हाई बा, मला कसं ठाऊक असणार? मी काय मोजलं होतं?"

"मग मला पळायला का लावलं?"

"तुमचा डावा पाय. पळतानाही तसाच पडतो का ते पाह्यचं होतं मला. लई दिवसांपासून."

"आणि?"

"पडतो," बाई म्हणाल्या आणि नातीकडं वळल्या. त्या खरं सांगत होत्या की मला टोलवत होत्या, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

पण त्या सोमवारी पहिले हलले ते वैष्णवीचे वडील. ते सुरुवातीच्या खुंटीपाशी गेले आणि वाफा मोजायला निघाल्यासारखे लांब ढेंगा टाकत माझ्या पट्टीवरून चालत आले. माझ्याजवळ थांबले. मी अजून बसलेलोच होतो.

"सर, हे कशानं मोजलं?"

"ठिबकच्या नळीनं. शंभर मीटरचं बंडल होतं."

"नवं?"

"घरात होतं."

"घरात होतं," त्यांनी म्हटलं. एवढंच. पण त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच काहीतरी सैल झालं.

मी तिथूनच बायकोला फोन लावला. हात चिखलाचे, म्हणून फोन वैष्णवीच्या हातात आणि स्पीकरवर. त्यामुळं पुढचं सगळ्या शाळेनं ऐकलं.

"अगं, ते ठिबकचं बंडल, त्यातलं काही कापलं होतं का?"

"व्हय की. उन्हाळ्यात. अठरा मीटर, न्हाणीचं पाणी मागल्या लिंबोणीला न्यायला."

"मला सांगायचं तरी."

"आता काय सांगू तुमाला? तुमीच तर कापलं. मी नुसतं टोक धरलं होतं."

वैष्णवीनं फोन बंद केला. तेवढं तिनं न सांगता केलं, याबद्दल मी तिचा आभारी आहे. मग मात्र मुलं हसली, आणि मुख्याध्यापकांनी खिडकी लावून घेतली.

वडील बाईंपाशी गेले. ते आता वेगळ्याच पेचात अडकले होते. पोरगी मागं पडली नव्हती हे कळलं होतं, पण फ्लेक्सवरची ती पोरगी कधी नव्हतीच, हेही कळलं होतं. स्टँडवर उतरल्यापासून ज्या भरवशावर त्यांनी मुगाचं गणित मोडलं होतं, तो भरवसाच अठरा मीटर कमी निघाला होता.

"मग बाई, खरं किती पळती ही?"

"तालुक्यात दुसरी आली. एक जण तिच्या पुढं होती. एवढंच मला ठाऊक हाय."

"हिंगोलीला काय करंल?"

"काय माहीत."

"म्हंजे नंबर येणार का न्हाई?"

"भाऊ, मला ठाऊक असतं तर नेली कशाला असती? पाह्यचंय म्हणून तर न्यायची."

वैष्णवीनं अंगठ्यानं उकरलेली माती पायानंच सारखी केली. मग बापाकडं न पाहता म्हणाली, "बाबा, मूग मी सकाळी तोडते. उजाडायला लागलं की जाते, शाळेच्या टाइमाला येते."

"सकाळी शेंगा दवानं वल्या असतेत."

"मग रविवारी दिवसभर तोडते."

"आन् एसटी?"

"चुकली तर जीप हाय."

त्यांनी पोरीकडं पाहिलं. बहुधा तालुक्यापासून पहिल्यांदाच पाहत होते. टोपी काढून डोकं खाजवलं, पुन्हा घातली.

"बरं," ते बाईंना म्हणाले. "हिंगोलीला न्या. सरावालाबी थांबू द्या."

वैष्णवीनं एकदम नाक ओढलं आणि पाठ फिरवली. बाईंनी पिशवीतला गुळाचा खडा काढून स्वतःच खाल्ला.

ते निघाले. फाटकाशी पोचले, थांबले आणि परत आले. मी तोवर उभा राहिलो होतो, पँट गुडघ्यावरून खाली घेत होतो. ते माझ्या शेजारून सरळ बाईंपाशी गेले. मला ऐकू जाईल की नाही याची त्यांना फिकीर नव्हती.

"पळायचं तुमी पाहून राहिल्या, ते ठीक हाय," ते म्हणाले. "पण बाई, पुढच्या साली तिची दहावी हाय. गणिताला दुसरे कोनी सर हायेत का शाळेत?"